तोफेच्या आधी: डेट्रॉईट, १९३१

७ सप्टेंबर १९३१, सोमवार. अमेरिकेत लेबर डेची सुट्टी. डेट्रॉईट नदीचा एक काठ अमेरिकेचा, दुसरा कॅनडाचा, आणि दोन्ही काठ मिळून लाखो माणसं. हार्म्सवर्थ ट्रॉफीच्या दुसऱ्या फेरीत त्या वेळच्या जगातल्या सर्वांत वेगवान दोन बोटी सुरुवातीची रेषा ओलांडून पूर्ण वेगात निघून गेल्या आणि त्याच क्षणी दोन्ही बाद झाल्या. सुरुवातीची तोफ अजून व्हायचीच होती. थोड्याच वेळात त्यातली एक वळणावर उलटली. मागून आलेल्या, त्या दोघींहून हळू असलेल्या तिसऱ्या बोटीने एकटीने अंतर पूर्ण केलं आणि ट्रॉफी अमेरिकेतच राहिली.

ही घटना सहसा ‘अमेरिकी चालक गार वूडने इंग्रजांना फसवलं की नाही’ एवढ्यापुरती सांगितली जाते. मला ती वेगळ्या कारणासाठी महत्त्वाची वाटते. पॉवरबोटींच्या शर्यतीत, विशेषतः पुढे आउटबोर्ड (मागे इंजिन टांगलेल्या) बोटींच्या शर्यतींच्या भराच्या काळात, ज्या स्टार्टिंग क्लॉकभोवती, म्हणजे सुरुवातीच्या घड्याळाभोवती, सगळा खेळ फिरत राहिला, त्या पद्धतीचं बळ आणि तिची कमजोरी या एका फेरीत जेवढी स्पष्ट दिसते तेवढी दुसरीकडे क्वचितच दिसेल.

थांबता न येणाऱ्या बोटी

पळण्याच्या शर्यतीत धावपटू रेषेवर थांबतो. मोटारी ग्रिडवर उभ्या राहतात. बोटीला ही सोय नाही. प्रवाह आणि वारा तिला एका जागी राहू देत नाहीत. शर्यतीच्या आउटबोर्ड बोटींची अडचण तर याहून मोठी. कोकणातल्या मासेमारीच्या होड्यांना मागे जे इंजिन टांगलेलं असतं, ज्याला आपल्याकडे ‘ओबीएम’ म्हणतात, त्याच जातीचं हे यंत्र. पण शर्यतीच्या इंजिनांना, उदाहरणार्थ मर्क्युरी या अमेरिकी कंपनीच्या क्विकसिल्व्हर प्रकारांना, न्यूट्रल नसे. वजन वाचवायचं म्हणून गिअरची भानगडच काढून टाकलेली. दोरी ओढली, इंजिन पेटलं, की पंखा फिरू लागणार आणि बोट निघणार. पिटमधली माणसं पाण्यात उभी राहून बोट धरत, चालक दोरी ओढे, आणि इंजिन लागताच हात सोडावे लागत.

अशा डझनभर बोटी रेषेवर थांबवणार कशा? त्यापेक्षा त्यांना पळतच येऊ द्यावं, फक्त सर्वांसाठी वेळ एकच ठेवावी, यातून ही पद्धत आली. पंचांच्या मचाणावर मोठी तबकडी. आधी पाच मिनिटांचा इशारा, मग एक मिनिटाचा. शेवटच्या मिनिटाला काटा फिरू लागतो, आणि तो वर शून्यावर पोचेल तेव्हा शर्यत सुरू. त्या क्षणी तुम्ही रेषेच्या अलीकडे असलं पाहिजे, पण शक्य तेवढं जवळ आणि शक्य तेवढ्या वेगात. एक सेकंद उशीर झाला तर पहिल्या वळणापर्यंत दुसऱ्यांच्या फवाऱ्यात आंधळं होऊन जायचं. जरा लवकर झालं तर बाद.

क्रिकेटच्या भाषेत सांगायचं तर हा गोलंदाजाचा रन-अप आहे. पाय रेषेच्या पुढे पडला की नो-बॉल. फरक इतकाच, की इथे बारा गोलंदाज एकाच खेळपट्टीवर एकाच वेळी धावत येतात आणि पायाखालची जमीन हलत असते.

जुने आउटबोर्ड चालक यासाठी काठावरची खूण धरून ठेवत. एखादं झाड, एखादा धक्का, नांगरलेली बोट. सरावात त्या खुणेपासून रेषेपर्यंत पूर्ण वेगात किती सेकंद लागतात ते मोजायचं. समजा अकरा. मग शर्यतीत काटा शून्याच्या अकरा सेकंद अलीकडे असेल तेव्हा त्या खुणेपाशी असायचं आणि थ्रॉटल पूर्ण दाबायचा. ऐकायला सोपं आहे. पण आउटबोर्ड हायड्रोप्लेनमध्ये, म्हणजे पाण्याच्या पृष्ठावरून घसरत जाणाऱ्या शर्यतीच्या बोटीत, चालक गुडघ्यांवर बसलेला असतो, नाक पाण्यापासून हातभर अंतरावर, डोळ्यांत फवारा, आणि एवढ्यात शेजारचा त्याच्या आधी सुटतो. आता घड्याळावर विश्वास ठेवायचा की शेजाऱ्यावर? सगळं प्रकरण या प्रश्नापाशी येऊन थांबतं.

दोन माणसं, दोन बोटी

हार्म्सवर्थ ट्रॉफी १९०३ सालची, इंग्लंडमधले वृत्तपत्रमालक आल्फ्रेड हार्म्सवर्थ यांनी दिलेली. स्पर्धा देशादेशांतली. बोट आणि इंजिन ज्या देशाचं, त्याच देशासाठी धावायचं. तीनपैकी दोन फेऱ्या जिंकणारा विजेता. एका देशाला एकाहून अधिक बोटी उतरवता येत. हा नियम लक्षात ठेवावा, पुढे त्यानेच निकाल ठरवला.

अमेरिकेचा गारफील्ड आर्थर वूड, म्हणजे गार वूड, हा आयोवातला. मोठ्या कुटुंबातला. ट्रकचा मागचा हौदा उचलून माल खाली ओतणारी हायड्रॉलिक यंत्रणा काढून त्याने पैसा कमावला आणि तो बोटींत ओतला. १९१७ ते १९२१ सलग पाच वर्षं अमेरिकेचा गोल्ड कप जिंकला. १९२०मध्ये इंग्लंडमध्ये जाऊन हार्म्सवर्थ जिंकून आणली आणि पुढचं दशकभर ती डेट्रॉईटला ठेवली. बोटीवर बरोबर मेकॅनिक ऑर्लिन जॉन्सन आणि दोन खेळण्यातली अस्वलं. ती शुभशकुनाची, बोटीला बांधलेली.

समोर ‘मिस इंग्लंड २’. या बोटीला दुःखाचा इतिहास होता. १३ जून १९३० रोजी विंडरमियर तलावावर सर हेन्री सीग्रेव्हने हिच्यावर ताशी ९८.७६ मैलांचा जागतिक विक्रम केला आणि त्यानंतरच्या धावेत बोट उलटून त्याचा आणि इंजिनिअर व्हिक्टर हॅलिवेलचा मृत्यू झाला. बोट बाहेर काढून दुरुस्त केली. आता ती के डॉनकडे होती. इंग्लंडमधल्या ब्रुकलँड्स ट्रॅकवरच्या मोटार शर्यतींतला मुरलेला गडी. दोन रोल्स-रॉईस ‘आर’ इंजिनं, म्हणजे श्नायडर ट्रॉफी या विमानांच्या शर्यतीतल्या विमानांतली.

१९३१च्या वसंतापासून या दोघांत वेगाची चढाओढ चालू होती. मार्चमध्ये मायामीला गार वूडने ताशी १०२.२५६ मैल गाठले. पाण्यावर शंभरचा टप्पा ओलांडणारा तो पहिला. एप्रिलमध्ये डॉनने अर्जेंटिनात १०३.४९ केले आणि जुलैत इटलीच्या गार्दा तलावावर ११०.२२. म्हणजे डेट्रॉईटला येताना विक्रम इंग्लंडकडे होता आणि ट्रॉफी अमेरिकेकडे.

पहिली फेरी आणि मधला वाद

पहिल्या फेरीत डॉन जिंकला, तेही ताशी जवळपास ९० मैलांच्या सरासरीने. वळणांसकट एवढी सरासरी हार्म्सवर्थमध्ये तोवर कुणी टाकली नव्हती. घरच्या पाण्यात, घरच्या गर्दीसमोर गार वूड मागे पडला.

दुसऱ्या फेरीच्या आधी गार वूडच्या ‘मिस अमेरिका ९’मध्ये इंधनाची गळती निघाली. गार वूडने सुरुवात थोडी पुढे ढकलण्याची विनंती केली. डॉनने ती मानली नाही. नियमानुसार त्याला तो हक्क होता, आणि ज्याच्यामागे सगळ्या देशाच्या आशा आहेत असा माणूस एक फेरी जिंकल्यावर प्रतिस्पर्ध्याला दुरुस्तीला वेळ देईल अशी अपेक्षा धरणं मला तरी अवघड वाटतं. मात्र या नकाराने गार वूड चिडला.

मग तो पाण्यात आला. भाऊ जॉर्ज वूड ‘मिस अमेरिका ८’ घेऊन आधीपासून होताच. इशारे झाले. गार वूड रेषेकडे सुटला, डॉन त्याच्यामागे. नियम होता की तोफेच्या पाच सेकंदांहून आधी रेषा ओलांडणारा बाद. दोघेही त्याहून आधी गेले. वळणावर ‘मिस इंग्लंड २’ पुढच्या बोटीच्या लाटांत सापडली, घसरली आणि उलटली. डॉन आणि त्याचे दोन साथीदार जिवंत वाचले. सीग्रेव्हच्या बोटीत बसलेल्या माणसांसाठी हे दैवाचं देणं म्हणावं लागेल. जॉर्ज वूडने तोफेनंतर रेषा ओलांडली होती. त्याने फेरी पूर्ण केली. तिसऱ्या फेरीला इंग्लंडकडे धावण्याजोगी बोटच नव्हती, म्हणून तीही जॉर्जने एकट्याने पुरी केली.

इंग्लंडच्या वर्तमानपत्रांत ‘यांकी ट्रिक’ हे शब्द झळकले.

२०० मीटर

आता थोडा हिशोब करू. या प्रकरणातल्या बहुतेक चर्चेत तो केलाच जात नाही. ताशी ९० मैल म्हणजे सेकंदाला ४० मीटर. पाच सेकंद म्हणजे २०० मीटर. दोन्ही बोटी पाच सेकंदांहून जास्त आधी गेल्या. याचा अर्थ तोफ झाली तेव्हा त्या रेषेपलीकडे २०० मीटरहून पुढे होत्या, नियमाने दिलेल्या मोकळिकीच्याही बाहेर. सुरुवातीच्या धावेत वेग थोडा कमी धरला तरी अंतर फार घटत नाही.

बोट घसरली किंवा थ्रॉटल अर्धा सेकंद आधी दबला, तर चूक २० मीटरची होते. २०० मीटरची चूक हाताची नसते. ती अंदाजाची असते, आणि अंदाज बराच आधी, रेषेपासून फार दूर असताना बांधलेला असतो. बोटीला ब्रेक नाही. एवढ्या वजनाची बोट पूर्ण वेगात आली की थ्रॉटल सोडून तिला आवरता येतं, पण मग ती पाण्यात बसते आणि पुन्हा वेग घ्यायला मौल्यवान सेकंद जातात. म्हणजे निर्णय अर्धा मिनिट आधी झालेला होता. त्या अर्ध्या मिनिटात डॉनसारखा अनुभवी माणूस वेळ बघत असता तर त्याला समजलंच असतं.

म्हणून माझं मत असं: डॉन वेळेप्रमाणे नव्हे, गार वूडप्रमाणे चालवत होता. त्याच्या नजरेसमोर एकच बोट होती, आणि ती सुटली म्हणून तो सुटला. आदल्या फेरीत याच माणसाला हरवलं होतं. त्याला पुढे जाऊ दिलं तर त्याच्या लाटा आणि फवारा अंगावर घ्यावा लागणार, हे त्याला ठाऊक होतं. पुढचा माणूस अनेक वर्षांचा मुरलेला, घरच्या नदीवरचा, तो चुकेल असं मनात येणंही कठीण. शिवाय कॉकपिटमध्ये दोन विमानी इंजिनांचा आवाज. विचार करायला जागाच नाही. मला डॉनची चूक समजते. ती मूर्खपणाची नव्हती.

गार वूडबद्दल मात्र निवाडा तेवढा सोपा नाही. दोन स्पष्टीकरणं नेहमी दिली जातात. एक, त्याने मुद्दाम आधी सुटून डॉनला ओढून नेलं. दुसरं, तो उशिरा आणि रागात आला होता आणि त्याचं गणित चुकलं. पहिल्याच्या बाजूने मोठा मुद्दा नियमांतला असमतोल आहे. ट्रॉफी देशाची होती. दोन्ही आघाडीच्या बोटी बाद झाल्या तर अमेरिकेकडे जॉर्ज उरत होता, इंग्लंडकडे कुणीच नाही. गार वूडला स्वतः बाद होण्याचा काहीच तोटा नव्हता, डॉनला मात्र सर्वस्वाचा होता. दुसऱ्या स्पष्टीकरणाच्या बाजूने हे, की हा डाव यशस्वी व्हायला डॉनने मागे यायलाच हवं होतं, आणि डॉन थांबला असता तर गार वूड घरच्या लाखो लोकांसमोर हकनाक बाद झाला असता. ज्या माणसाने आपलं नाव कमावण्यासाठी आयुष्यभर वेगाचा पाठलाग केला, तो असा जुगार खेळेल का?

मला वाटतं हेतूचा प्रश्न सोडवण्याची गरजच नाही. डाव असो वा चूक, परिणामाला कारण एकच होतं: नियमांनी एका बाजूला बाद होणं परवडणारं केलं होतं आणि दुसऱ्या बाजूला नाही. अशा ठिकाणी घड्याळ निष्पक्ष राहत नाही. सेकंद दोघांना सारखेच असतात, पण ते चुकवण्याची किंमत सारखी नसते.

जॉर्ज

या गोष्टीत जॉर्ज वूडबद्दल इतकं कमी का बोललं जातं, याचं मला नेहमी वाईट वाटतं. त्याच्याकडे जुनी आणि हळू बोट होती. त्या वेळचा विक्रम त्याच्या नावावर नव्हता. त्याच्या डोळ्यांसमोर त्याचा भाऊ, अमेरिकेतला सर्वांत नावाजलेला बोट चालक, रेषेकडे सुटला. त्याच्यामागे जागतिक विक्रमवीर सुटला. दोघांचा कौल एकच: आता जायचं. जॉर्ज गेला नाही. त्याने आपली वेळ धरून ठेवली.

भावाच्या डावाची त्याला कल्पना असेल, असं कुणी म्हणू शकेल. असेलही. तरी त्या गोंधळात, पुढच्या दोन्ही बोटी दूर जाताना दिसत असताना, स्वतःचा हात आवरणं सोपं नाही. आउटबोर्ड शर्यतींत ज्यांनी पुढे नाव कमावलं त्यांच्यात हाच गुण लागे: बाकीचे सगळे सुटले तरी तबकडीकडे बघत राहणं. एक अनुभवी चालक लवकर सुटला की त्याच्यामागे अर्धी रांग सुटते आणि सगळी बाद होते. मागे राहिलेला एखादा नवखा पहिल्या क्रमांकाचे गुण घेऊन जातो. जॉर्ज नवखा नव्हता, पण त्याचा विजय त्याच जातीचा होता.

आउटबोर्डच्या जगात

या प्रकरणानंतर हार्म्सवर्थमध्ये दोन्ही बाजूंना पुन्हा भेटता आलं. १९३२ला डॉन ‘मिस इंग्लंड ३’ घेऊन आला आणि गार वूडने ‘मिस अमेरिका १०’ने त्याला हरवलं. त्याच सप्टेंबरमध्ये गार वूडने ताशी १२४.८६ मैल, म्हणजे २०० किलोमीटरच्या वर वेग गाठला. त्या बोटीत चार पॅकार्ड इंजिनं होती. १९३३ला ह्यूबर्ट स्कॉट-पेनला हरवून तो थांबला. अशी विमानी इंजिनांची खर्चिक लढाई श्रीमंतांनाच परवडे. त्यानंतर ट्रॉफीसाठी पुन्हा लढत झाली ती १९४९मध्ये.

सामान्य माणसाचा खेळ मात्र आउटबोर्डचा होता. गाडीच्या टपावर किंवा छोट्या ट्रेलरवर बोट, मागे इंजिन, आणि रविवारी जवळच्या तलावावर शर्यत. दुसऱ्या महायुद्धानंतर दुकानात मिळणाऱ्या इंजिनांच्या ‘स्टॉक’ वर्गांनी अमेरिकेत या खेळाला खरा बहर आणला. विस्कॉन्सिनचा कार्ल कीकहेफर आणि त्याची मर्क्युरी कंपनी, समोर जॉन्सन आणि एविनरूड या प्रतिस्पर्धी कंपन्या. जून १९५८मध्ये सिएटलजवळ लेक वॉशिंग्टनवर ह्यू एन्ट्रॉपने मर्क्युरीच्या सहा सिलिंडरच्या इंजिनावर ताशी १०७.८२१ मैल गाठले. गार वूडला १९३१मध्ये जे दोन प्रचंड विमानी इंजिनांनी साधलं, ते सत्तावीस वर्षांनी बोटीच्या मागे टांगलेल्या एका इंजिनाने साधलं. दोन वर्षांत तोच एन्ट्रॉप एविनरूडकडे गेला आणि ॲरिझोनाच्या लेक हवासूवर १२२.९७९ केले.

या जगात स्टार्टिंग क्लॉकचा नियम डेट्रॉईटपेक्षा कडक होता, आणि तो बरोबर होता असं मला वाटतं. शून्याच्या आधी रेषा ओलांडली की त्या फेरीचे गुण गेले. पाच सेकंदांची मोकळीक नाही. मोकळीक ठेवली की चालक शून्यावर नेम धरत नाही, मोकळिकीच्या टोकावर धरतो, आणि मग ते टोकच नवी रेषा बनतं. मोठ्या अनलिमिटेड हायड्रोप्लेनमध्ये पुढे बाद करण्याऐवजी एक जादा चक्कर मारायला लावण्याची शिक्षा आली. त्यामुळे चुकलेला माणूसही शर्यतीत राहतो आणि प्रेक्षकांना बोट दिसत राहते. डेट्रॉईटला ही सोय असती तर गार वूड आणि डॉन यांच्यात निदान शर्यत तरी झाली असती. उलटण्याचा प्रश्न मात्र तसाच राहिला असता.

लांबच्या शर्यती आणि टनेल बोटी आल्या तेव्हा सुरुवातच बदलली. इटलीतल्या कोमो तलावाकाठच्या मोलिनारींनी दोन सांगाड्यांमध्ये हवा कोंडणाऱ्या बोटी शर्यतीत रुजवल्या, इंजिनांना विजेवर चालू होणारे स्टार्टर आले, आणि आज एफ-वन बोटी तरंगत्या धक्क्याला टेकून, इंजिन बंद ठेवून दिव्याची वाट बघतात. थांबता येऊ लागल्यावर घड्याळाची गरज संपली. मार्च २०१७मध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पी-वन पॉवरबोटींच्या शर्यती झाल्या, तेव्हा मुंबईकरांनीही आउटबोर्ड इंजिनांचा तो आवाज ऐकला आहे.

अमेरिकेतल्या छोट्या तलावांवर मात्र गुडघ्यांवर बसून चालवायच्या हायड्रोप्लेन अजून तशाच काट्यावर सुटतात. त्या रेषेवर डॉनसारखा सुटणारा नेहमी असतो, आणि जॉर्जसारखा थांबणाराही. गुणफलकावर नाव लागतं ते मात्र थांबणाऱ्याचं.